हायब्रिड गाडी: ॲव्हरेज, विक्री आणि हिशोब. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शोरूममध्ये सगळ्याच गाड्यांना ‘हायब्रिड’ म्हणतात. खरी हायब्रिड कोणती?

इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असून, इंजिन बंद ठेवून नुसत्या मोटरवरही जी चालते ती. तिला ‘स्ट्राँग हायब्रिड’ म्हणतात. ‘माइल्ड’ किंवा ‘स्मार्ट’ हायब्रिडमध्ये पट्ट्यावर चालणारा एक छोटा जनरेटर-स्टार्टर असतो. सिग्नलला तो इंजिन बंद-चालू करतो आणि पिकअपला थोडा हात देतो, पण त्याच्या जोरावर चाकं फिरत नाहीत.

एकाच नावाच्या गाडीत दोन्ही प्रकार मिळतात, त्यामुळे गोंधळ होतो. ग्रँड व्हिटारा माइल्डमध्येही आहे, स्ट्राँगमध्येही. ओळखायची सोपी खूण अशी: स्ट्राँग हायब्रिडमध्ये मॅन्युअल गिअर नसतोच, आणि बटण दाबल्यावर इंजिनाचा आवाज न होता मीटरवर ‘रेडी’ असा दिवा लागतो. या पानावर पुढे नुसतं ‘हायब्रिड’ लिहिलं असेल तिथे स्ट्राँगच समजा.

बाजारात एकमेकांसमोर कोणत्या गाड्या आहेत? कागदावर कोण पुढे?

लिटरला कंपनीने सांगितलेले किलोमीटर असे आहेत:

- मारुती व्हिक्टोरिस: २८.६५
- मारुती ग्रँड व्हिटारा: २७.९७
- टोयोटा हायरायडर: २७.९७
- होंडा सिटी ई:एचईव्ही: आधी २६.५, २०२३ च्या बदलानंतर २७.१३
- टोयोटा कॅमरी (२०२४ चं मॉडेल): २५.४९
- टोयोटा इनोव्हा हायक्रॉस आणि तिचीच बहीण मारुती इनव्हिक्टो: २३.२४

यादीत खाली असली तरी खरी कमाल हायक्रॉसची आहे. सात-आठ माणसांच्या, दोन लिटर इंजिनाच्या गाडीला २३.२४, आणि तीच गाडी हायब्रिड नसेल तर १६.१३.

मग २८.६५ वाली घेतली तर २७.९७ वालीपेक्षा किती वाचतील?

वर्षाला २०,००० किमी फिरलात आणि दोन्ही गाड्यांनी कागदावरचा आकडा तंतोतंत दिला असं धरू. एकीला ६९८ लिटर लागेल, दुसरीला ७१५. फरक १७ लिटर, म्हणजे वर्षाला साधारण १,७०० रुपये. टायरमध्ये हवा कमी असली तर याहून जास्त जातात. या दोघींत निवड करायची तर मागच्या सीटची जागा, डिकी, वेटिंग आणि घराजवळचं सर्व्हिस सेंटर बघा. ॲव्हरेजवर ठरवायला इथे काही नाही.

कागदावर २८ आणि रस्त्यावर २१. कंपनी फसवते का?

फसवत नाही, फक्त चाचणी तुमच्या रस्त्यावर होत नाही. तिचं नाव एमआयडीसी. आपल्याला एमआयडीसी म्हटलं की गोकुळ शिरगाव किंवा शिरोली आठवतं, पण इथे अर्थ आहे गाडी चालवण्याचा ठरावीक भारतीय क्रम. गाडी रोलरवर चढवतात आणि साधारण वीस मिनिटं ठरल्याप्रमाणे वेग वाढवत-कमी करत चालवतात. एसी बंद असतो, वेग ९० च्या वर जात नाही, आणि जवळजवळ पाव वेळ गाडी जागेवर उभीच असते.

यातली प्रत्येक अट हायब्रिडच्या पथ्यावर पडते. गाडी उभी असताना इंजिन बंद, म्हणून तो पाव वेळ फुकट. वेग सारखा कमी होतो, त्यातून बॅटरी भरते. म्हणून कागदावरचा आणि रस्त्यावरचा फरक साध्या पेट्रोल गाडीपेक्षा हायब्रिडमध्ये जास्त डोळ्यावर येतो. आकडा खोटा नाही. दोन गाड्यांची तुलना करायला तो चालतो, महिन्याच्या पेट्रोलचं बजेट मांडायला चालत नाही.

आमच्या भागात प्रत्यक्ष किती पडेल?

ते रस्त्यावर आहे. १.५ लिटरच्या हायब्रिड एसयूव्हीसाठी, एसी चालू आणि दोन-तीन माणसं धरून, ढोबळ अंदाज असा.

बेळगाव शहरात २१ ते २४. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर थांबणं, गोवावेसची गर्दी, कॉलेज रोडवरचं रांगत जाणं, साध्या गाडीचं पेट्रोल जिथे जळतं तिथेच हायब्रिड कमावते. एसी लावून उभी असलेली साधी पेट्रोल गाडी तासाला जवळजवळ लिटरभर पेट्रोल पिते. हायब्रिडचा एसी कॉम्प्रेसर विजेवर चालतो. गेट पडलं की इंजिन बंद होतं, गार हवा चालू राहते, आणि काही मिनिटांनी बॅटरी उतरली की इंजिन थोडा वेळ चालून पुन्हा बंद होतं. माइल्डमध्ये कॉम्प्रेसर पट्ट्यावर असतो. इंजिन बंद झालं की हवा कोमट होत जाते आणि इंजिनाला परत चालू व्हावंच लागतं.

बेळगाव–निपाणी–कोल्हापूर हायवेला ९५-१००च्या वेगाने १९ ते २१. इथे इंजिन जवळजवळ सतत चालतं, थांबणं नाही, ब्रेक नाही, म्हणजे मोटरला कामच कमी. तवंदी घाट सोडला तर हायब्रिडची करामत दिसायला जागा नाही. त्याच रस्त्यावर ८० ने चाललात तर लिटरमागे दोन-तीन किलोमीटर सहज वाढतात.

चिकोडी, रायबाग, अथणीकडे गळीत हंगामात बरं पडतं. उसाच्या ट्रॅक्टरमागे ३० च्या वेगाने जाणं माणसाला वैताग असलं तरी हायब्रिडला मानवतं.

चोर्ला किंवा आंबोली उतरताना बॅटरी भरभरून चार्ज होते म्हणतात. मग गोव्याची ट्रिप जवळजवळ फुकटच की?

हा गैरसमज फार आहे, म्हणून आकड्यांतच बघू.

गाडी आणि माणसं मिळून १,४०० किलो, आणि उतार ६०० मीटरचा धरू. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली येताना साधारण २.३ युनिट ऊर्जा मोकळी होते. हवेचा आणि टायरचा विरोध वजा केला तरी दीड युनिटच्या आसपास उरते. ग्रँड व्हिटारा-हायरायडरची बॅटरी आहे ०.७६ युनिटची. तीही आयुष्य टिकावं म्हणून गाडी शून्यापासून शंभरापर्यंत वापरत नाही, मधलाच पट्टा वापरते. म्हणजे घाट निम्मा उतरायच्या आतच बॅटरीचा काटा वर टेकतो आणि उरलेली ऊर्जा ठेवायला जागा नसते.

तिथून पुढे गाडी इंजिन नुसतं फिरवून ब्रेक लावते. उतारावर मध्येच इंजिन मोठ्याने गुरगुरायला लागतं ते यामुळे. बिघाड नाही. गिअरच्या लिव्हरवर ‘बी’ असेल तर लांब उतारावर तोच ठेवा, म्हणजे पायाचा ब्रेक तापणार नाही. ‘डी’वर ठेवून सारखा ब्रेक दाबत उतरलात तर बॅटरी भरल्यानंतरचा सगळा भार डिस्कवर येतो.

चढताना उलटं. मोटर जोरात खेचायला लागली की एवढीशी बॅटरी दोन-तीन मिनिटांत उतरते, आणि पुढचा घाट ९२ पीएस (ताकदीचं माप) च्या तीन सिलिंडर इंजिनालाच चढायचा असतो. आवाज मोठा येतो, ओव्हरटेकला दम कमी वाटतो. चार माणसं, सामान आणि चोर्ल्याची चढण हा रोजचा रस्ता असेल तर हायक्रॉसची १८६ पीएस ताकद किंवा सरळ डिझेल बरं.

ॲव्हरेज स्वतः नीट कसं मोजायचं?

मीटरवरचा आकडा बहुधा थोडा उदार असतो. टाकी-टू-टाकीच मोजा.

१. सकाळी, गाडी सपाट जागेवर उभी करून, पंपावर पहिला ऑटो कट होईपर्यंत भरा. ‘राउंड फिगर करू का?’ विचारलं तर नको म्हणा.
२. ट्रिप मीटर शून्य करा.
३. निदान ४०० किमी चालवा. ४५ लिटरच्या टाकीत हे आरामात होतं.
४. त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा.
५. किलोमीटर भागिले लिटर.
६. असं तीन वेळा करा. तिन्ही वेळचे किलोमीटर एकत्र, लिटर एकत्र, मग भागाकार.

तिसरी पायरी चुकली की सगळं चुकतं. १०० किमीवर ५ लिटर बसलं आणि कट लिटरभर आधी-नंतर झाला, तर उत्तर साडेसोळा ते २५ मध्ये कुठेही येईल. व्हॉट्सॲपवर फिरणारे ‘मला ३२ मिळालं’ हे फोटो असेच तयार होतात, किंवा ते मीटरवरच्या आठ-दहा किलोमीटरच्या चांगल्या तुकड्याचे असतात.

सगळं करूनही १७-१८ च पडतंय. काय बघायचं?

आधी फेऱ्या किती लांबीच्या आहेत ते. कॅम्पातून शहापूरला दोन-तीन किलोमीटर जाऊन गाडी तासभर उभी, मग पुन्हा तेवढंच, असं असेल तर इंजिन दर वेळी थंड. थंड इंजिन आणि धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर गरम करण्यासाठी गाडी मुद्दाम इंजिन चालू ठेवते, बॅटरी भरलेली असली तरी. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची सकाळ चांगलीच थंड असते, तेव्हा हे जास्त जाणवतं.

मग टायरची हवा, गाडी गार असताना, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. मग ब्रेकची सवय. लांबूनच हलका ब्रेक लावला तर मोटर वीज बनवते. जवळ जाऊन जोरात दाबला तर पॅड घासतात आणि ती ऊर्जा उष्णता होऊन जाते. सिग्नल लाल दिसताच पाय उचलणारा आणि सिग्नलवर जाऊन दाबणारा, यांच्यात लिटरला दोन-तीन किलोमीटरचा फरक पडू शकतो.

आणि बॅटरीला हवा घेणारी जाळी. बहुतेक हायब्रिड गाड्यांत ती मागच्या सीटच्या आसपास असते. तिच्यावर पिशवी, चादर, दप्तर ठेवलं किंवा धुळीने ती बुजली तर बॅटरी तापते, आणि तापली की गाडी तिचा वापर आवरता घेते. खानापूरची लाल माती आणि हंगामातली रस्त्यावरची धूळ बघता दर सर्व्हिसिंगला जाळी साफ केली का, हे विचारून घ्या. न विचारता होईलच असं नाही.

ई-२० पेट्रोलमुळे ॲव्हरेज कमी झालं का?

हो, थोडं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते. २० टक्के मिसळलं की बिनमिसळीच्या पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी, आणि आधीच्या १० टक्के मिश्रणापेक्षा साडेतीन टक्क्यांच्या जवळपास. म्हणजे २२ देणारी गाडी २१ च्या थोडं वर. हायब्रिड असो वा नसो, सगळ्यांना हे सारखंच लागू. ऊस आपल्याच जिल्ह्याचा, त्यामुळे एका हाताने मिळतं ते दुसऱ्या हाताने पंपावर जातं, एवढंच.

जास्तीचे पैसे किती वर्षांत वसूल होतात?

एकाच गाडीच्या माइल्ड ऑटोमॅटिक आणि हायब्रिडमध्ये शोरूम किमतीचा फरक दोन लाख धरू. तुमच्या कोटेशनमध्ये जो असेल तो घाला. कर्नाटकात त्या फरकावरही रोड टॅक्स लागतो, म्हणून खिशातून जाणारा फरक साधारण २,३८,००० होतो. पेट्रोल हिशोबाला १०० रुपये लिटर.

शहरात, २२ विरुद्ध १५ ॲव्हरेज धरून:

- वर्षाला १२,००० किमी: बचत २५,५०० रुपये, वसुलीला नऊ वर्षांच्या वर
- २०,००० किमी: बचत ४२,४०० रुपये, साडेपाच वर्षं
- ३०,००० किमी: बचत ६३,६०० रुपये, पावणेचार वर्षं

हायवेवर, २० विरुद्ध १७.५ धरून, वर्षाला २०,००० किमी: बचत १४,३०० रुपये. वसुलीला सोळा वर्षांच्या वर, म्हणजे होत नाही असंच समजा.

उद्यमबागला रोज शहर ओलांडून जाणारा आणि दिवसभर गाडीतून फिरणारा माणूस, त्याची हायब्रिड. दर शनिवारी कोल्हापूर किंवा हुबळी आणि आठवडाभर गाडी दारात, त्याला साधी मॅन्युअल पुरे. उरलेल्या पैशांत बरीच वर्षं पेट्रोल भरता येईल. अर्थात शांत गाडी, गिअर बदलायची कटकट नाही, यासाठी कुणी पैसे मोजत असेल तर तो हिशोब वेगळा आणि तोही चुकीचा नाही. फक्त त्याला ‘ॲव्हरेजसाठी घेतली’ म्हणू नका.

सीएनजी स्वस्त नाही का पडत?

किलोमीटरमागे खर्चात पडतं. ग्रँड व्हिटारा सीएनजी किलोला २६.६ किमी सांगते आणि गाडीची किंमतही हायब्रिडपेक्षा कमी. अडचण रांगेची आणि डिकीची. सिलिंडर डिकी खातो. व्हिक्टोरिसने टाक्या गाडीखाली नेऊन ती अडचण काढली, म्हणून सीएनजीच घ्यायची तर आधी ती बघा. शहराबाहेर, जांबोटी-कणकुंबीकडे किंवा आतल्या खेड्यांत रोज जाणाऱ्याने पंप कुठे-कुठे आहेत हे आधी फिरून बघावं.

जीएसटी कमी झाल्यावर हायब्रिड स्वस्त झाली ना?

झाली, पण शेजारची त्याहून जास्त स्वस्त झाली. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर जीएसटी आणि उपकर मिळून ४३ टक्के होता. हायक्रॉससारख्या मोठ्या साध्या पेट्रोल एसयूव्हीवर ५० टक्के. आता दोन्हींवर ४०. हायब्रिडला सात टक्क्यांची जी सवलत होती ती गेली. विजेच्या गाडीवर ५ टक्केच राहिला. जुने व्हिडिओ आणि जुनी तुलना बघून हिशोब मांडू नका.

कर्नाटकात रोड टॅक्स किती?

पेट्रोल आणि हायब्रिडमध्ये भेद नाही. १० ते २० लाखांच्या गाडीला १७ टक्के, २० लाखांवर १८ टक्के, आणि त्या करावर ११ टक्के उपकर. म्हणजे प्रत्यक्षात १८.८७ आणि १९.९८ टक्के. १५ लाखांच्या गाडीला २,८३,०५०.

गाडीची किंमत २० लाखांच्या काठावर असेल तर जपून. वरचा दर पूर्ण किमतीला लागतो, फक्त वरच्या रकमेला नाही. एखादा रंग किंवा एक पायरी वरचं मॉडेल घेऊन काठ ओलांडला तर वीस-बावीस हजार कराचेच वाढतात. शिवाय १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ घेतलेला आयकर, लागतो. तो रिटर्न भरताना परत धरता येतो. बरेच जण विसरतात.

उत्तर प्रदेशने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता. तिकडचे ऑनरोड भाव बघून इथे घासाघीस करण्यात अर्थ नाही.

मग कोल्हापूरला एमएच-०९ पासिंग करून घेतली तर?

महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के. १५ लाखांवर १,८०,०००, म्हणजे लाखाच्या वर फरक. मोह का होतो ते कळतं.

नियम मात्र साधा आहे. गाडी जिथे ठेवली जाते आणि मालक जिथे राहतो तिथली नोंदणी. बाहेरच्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे इथली नोंदणी करावी लागते. मग इथला कर भरायचा आणि तिकडच्या परताव्यासाठी हेलपाटे मारायचे. पाहुण्यांचा पत्ता देऊन पासिंग केलं तर अपघाताच्या क्लेमच्या वेळी पत्त्यावरून वाद निघू शकतो, तो वेगळाच.

चंदगडला खरोखर घर आहे, गाडी तिथेच असते आणि बाजाराला बेळगावला येता, तर एमएच-०९ अगदी रीतसर आहे. निपाणी, चिकोडीकरांचं केए-२३, बेळगाव-खानापूरचं केए-२२, गोकाकचं केए-४९, बैलहोंगलचं केए-२४.

विक्रीत नक्की कोण पुढे? प्रत्येक जण आपणच पहिले म्हणतो.

कारण प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजतो. तीन ठिकाणी नजर ठेवा.

एक, गाडीच्या नावाचा आकडा आणि हायब्रिडचा आकडा एक नाही. ग्रँड व्हिटाराने २०२५ च्या मध्याला तीन लाखांचा टप्पा ओलांडला. यात माइल्ड, सीएनजी, फोर व्हील ड्राइव्ह सगळं आलं. हायक्रॉसने दोन वर्षांत, नोव्हेंबर २०२४ पर्यंत, एक लाख पूर्ण केले. त्यातही टॅक्सीवाले घेतात ती साधी पेट्रोल मोजलेली आहे. सिटी ई:एचईव्हीचा आकडाही बऱ्याचदा साध्या सिटीत मिसळलेला असतो.

दोन, कंपनी महिन्याच्या एक तारखेला सांगते ती डीलरकडे पाठवलेल्या गाड्यांची संख्या. गिऱ्हाइकाने घेतलेल्या नव्हे. गणपती-दसऱ्याच्या आधी शोरूमची गोदामं भरतात, तेव्हा हा आकडा फुगतो, आणि डिलिव्हरी पुढच्या महिन्यात दिसते. ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी कमी होणार हे कळल्यावर लोकांनी खरेदी थांबवली आणि २२ तारखेनंतर एकदम झुंबड उडाली. त्या दोन महिन्यांचे आकडे सुटे वाचून काहीच कळत नाही.

तीन, आरटीओ नोंदणीचा ‘वाहन’ पोर्टल प्रत्यक्ष विकलेल्या गाड्या दाखवतो, म्हणून जास्त भरवशाचा. पण त्यात ‘पेट्रोल/हायब्रिड’ या रकान्यात माइल्डही येतात. तो रकाना बघून ‘देशात एवढ्या लाख हायब्रिड’ असं कुणी लिहिलं की समजावं, यात सिग्नलला इंजिन बंद करणाऱ्या गाड्याच जास्त. ‘स्ट्राँग हायब्रिड’चा रकाना वेगळा आहे, तोच बघा.

एवढं केल्यावर चित्र असं दिसतं: खऱ्या हायब्रिडच्या बाजारात टोयोटा आणि मारुती यांचंच राज्य आहे आणि होंडा संख्येने बरीच मागे.

होंडाचं तंत्र चांगलं असून सिटी का चालली नाही?

गाडी उत्तम आहे. शहरात बहुतेक वेळ मोटरच चाकं फिरवते, इंजिन फक्त वीज बनवतं, आणि हायवेच्या वेगाला क्लच जोडून इंजिन थेट चाकांना लागतं. चार सिलिंडर असल्याने आवाजही मऊ. पण २०२२ च्या मे महिन्यात ती आली तेव्हा लोक सेडानकडून एसयूव्हीकडे वळलेले होते. बॅटरीमुळे डिकी ५०६ लिटरवरून ३०६ वर आली. लग्नाला चार माणसं आणि बॅगा घेऊन जाणाऱ्या घराला ते पटत नाही. शिवाय आपल्या गावाकडच्या रस्त्यांना बसकी गाडी म्हणजे स्पीड ब्रेकरला पोट घासणं आलंच.

होंडाला हे नवीन नाही. २००८ मध्ये सिव्हिक हायब्रिड साडेएकवीस लाखांना आणली, कुणी घेईना, मग किंमत आठ लाखांनी खाली आणल्यावर ती हातोहात संपली. इथला गिऱ्हाईक तंत्राला नाही, किमतीतल्या फरकाला बघतो.

ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर एकच गाडी आहे का?

हायब्रिडपुरतं बोलायचं तर इंजिन, मोटर, बॅटरी, गिअर सगळं तेच, आणि दोन्ही बनतात आपल्याच राज्यात, बिडदीला टोयोटाच्या कारखान्यात. तोंडवळा, आतली रंगसंगती आणि वॉरंटीच्या अटी वेगळ्या. मारुतीचं सर्व्हिस सेंटर तालुक्याच्या गावीही सापडतं. टोयोटासाठी बेळगाव गाठावं लागण्याची शक्यता जास्त. वेटिंग ज्याचं कमी, ती घ्या.

बॅटरी गेली तर लाखो रुपये लागतील?

या कंपन्या हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी यांपैकी जे आधी होईल तेवढी वॉरंटी देतात. जुनी गाडी घेताना सर्व्हिसच्या नोंदी आणि वॉरंटी नव्या मालकाच्या नावे होते का, हे लेखी विचारा.

रस्त्यात त्रास देते ती ही मोठी बॅटरी नव्हे, साधी १२ व्होल्टची. इंजिनाला चालू करते ती मोठी बॅटरीच, पण त्याआधी कॉम्प्युटर आणि रिले जागे व्हायला १२ व्होल्ट लागतात. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही ‘रेडी’ येत नाही. मे महिन्यात गावाला जाऊन तीन आठवड्यांनी परत आल्यावर गाडी मेलेली सापडते ती यामुळे. आठवड्यातून एकदा अर्धा तास ‘रेडी’वर ठेवा. नुसतं बटण दाबून लाइट लावून बसू नका, त्याने उलट उतरते. जंपर लावायचा तर मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या टोकांनाच. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी वायरला कुणालाही हात लावू देऊ नका, गल्लीतला इलेक्ट्रिशियन कितीही हुशार असला तरी.

खर्चाची दुसरी बाजूही आहे. या टोयोटा पद्धतीच्या हायब्रिडमध्ये क्लच प्लेट नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. ब्रेक पॅडही जास्त टिकतात. फक्त खानापूरच्या पावसात डिस्कला गंज धरतो, कारण पॅड फारसे घासतच नाहीत. पावसाळ्यात मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही बघून, अधूनमधून दोन-चार ब्रेक खणखणीत लावा.

पुराच्या पाण्यातून नेली तर शॉक बसेल?

शॉक बसत नाही. बॅटरी गाडीच्या सांगाड्यापासून वेगळी ठेवलेली असते आणि गडबड झाली तर प्रवाह आपोआप तुटतो. नुकसान मात्र मोठं होतं, कारण बॅटरीची हवा गाडीच्या आतूनच घेतली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये यमगर्णीजवळ हायवेवर पाणी आलं होतं तसं पाणी दिसलं तर परत फिरा. आत पाणी शिरलं असेल तर बटण दाबून बघू नका. गाडी ‘रेडी’ न करता, पुढची चाकं उचलून किंवा ट्रकवर घालून न्या. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर मोटर फिरते आणि वीज बनते.

विमा घेताना इंजिन आणि हायब्रिड सिस्टीमचं पाण्याने झालेलं नुकसान धरणारं कव्हर मागा. थर्ड पार्टी हप्त्यात हायब्रिडला २०२२ पासून ७.५ टक्के सूट आहे. १००० ते १५०० सीसीच्या नव्या गाडीच्या तीन वर्षांच्या १०,६४० रुपयांवर ती ७९८ रुपये होते. कोटेशनमध्ये दिसली नाही तर मागून घ्या.

टेस्ट ड्राइव्हला काय बघू?

शोरूमवाले मोकळ्या रस्त्यावर दहा मिनिटं नेतात, त्याने काही कळत नाही. तुमच्या रोजच्या रस्त्याने, रोजच्या वेळेला, एसी लावून न्यायला सांगा. आधी ट्रिप मीटर शून्य करा. शहरातून हायवेला काढा आणि ८० वरून एकदम पूर्ण दाबा, इंजिनाचा आवाज घरच्यांना चालतोय का बघा. परत आल्यावर मागची सीट, डिकी आणि स्टेपनी उघडून बघा. काही हायब्रिड गाड्यांत पूर्ण आकाराची स्टेपनी नसते, आणि रात्री कणकुंबीच्या पुढे पंक्चर झाल्यावर ते कळणं बरं नव्हे.